बीए सोडून सुतारकाम शिकायला जाऊ का?

वाचकाचं पत्र:

"काका, मी शहादा तालुक्यातल्या एका गावातला, वय २०. आत्ताच एसवाय बीएची परीक्षा दिली. मागच्या वर्षी आमचं जुनं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा मी दिवसभर गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांमागेच फिरायचो. जुन्या घराचे सागाचे खांब निघाले, त्यातल्या एकाचा यूट्यूब बघून बाक बनवला, डुगडुगतो पण बसता येतं. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. मला बांधकाम आणि सुतारकाम कॉलेजात जाऊन व्यवस्थित शिकायचंय. वडील म्हणतात आपल्या घरात कोणी रंधा धरला नाही, एवढं शिकून आता फर्निचरवाल्याच्या हाताखाली राहशील का. मित्र म्हणतो आयटीआय टाइमपास ए, डायरेक्ट सुरतला चल, सहा महिन्यात मिस्त्री होशील. बीए सोडू का? आणि कोणता कोर्स करू?"

काकांचं उत्तर:

भाऊ, कोर्सचं नंतर बोलू, पहिले तुझ्या बाकाचं बोलू. डुगडुगतो असं लिहिलंस, पण काबर डुगडुगतो ते सांगता येईल का तुला? बहुतेक तू पाय थोडे थोडे कापून बघितले असशील, मग दुसरा पाय उंच वाटला असेल, मग तो कापला असशील, आणि बाक बुटका होत गेला पण डुगडुग काही गेली नाही. सगळे असंच करतात. आता एक कर. बाक उलटा कर, बसायच्या फळीच्या दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेव, अॅल्युमिनियमची असली तर उत्तम, आणि एका टोकाला बसून डोळा लावून बघ. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एका ओळीत दिसल्या तर फळी सरळ, एका पट्टीचा एक कोपरा वर उचललेला दिसला तर फळीला पीळ आहे, आणि पिळाच्या फळीला तू पाय कितीही मापात लावले तरी बाक चार पायांवर उभा राहणार नाही. पाय दोषी नाहीतच, फळी आहे. ती आधी रंध्याने सरळ करायची, मग पाय.

हे मी काबर सांगतोय, तर व्हिडिओत माणूस रंधा मारताना दिसतो, फळी बघताना दिसत नाही, ते दोन सेकंदाचं काम असतं आणि एडिटिंगमध्ये उडतं. मी आयुष्यभर आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पोरं शिकवली, रिटायर झालो, माझं म्हणणं एवढंच की कोर्सला नक्की जा पण कशासाठी जायचं ते डोक्यात ठेवून जा. हात बसवायला मिस्त्री लागतो, कोर्स तुला मोजमाप, ड्रॉइंग आणि मशीन या तीन गोष्टी देतो, आणि नेमक्या याच गोष्टी साइटवर कोणी शिकवत नाही कारण तिथे कोणाला टाइम नसतो.

बीएचं आधी मिटवू. सोडू नको. एक वर्ष राहिलंय, टीवाय काढून टाक. आयटीआयला वयाची वरची अट नाही, कमीत कमी १४ वर्षं लागतात बस, तू २१ व्या वर्षी गेलास तर कोणी अडवणार नाही, माझ्या वर्गात तर लग्न झालेले, पोरंबाळं असलेले गडी बसायचे आणि खरं सांगू का, तेच जास्त शिकायचे. दोन्ही सोबत करू म्हणशील तर ते जमणार नाही, आयटीआय म्हणजे रोजचं पूर्ण दिवसाचं काम, हजेरी ८० टक्के लागते, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. आणि बीएचा तुला काय उपयोग असं विचारशील, तर पुढे कुठे फॉर्म भरायचा, कर्जाला बँकेत जायचं, ठेकेदारीचं लायसन काढायचं, तिथे पदवी झालेला माणूस जरा वेगळ्या आवाजात बोलतो. दुसरं म्हणजे वडिलांसोबतचं अर्धं भांडण तिथेच संपतं.

आता कोर्स. तू "बांधकाम आणि सुतारकाम दोन्ही" लिहिलंस, इथेच पोरं गोंधळतात आणि मग जो ट्रेड, म्हणजे आयटीआयचा विषय, मिळेल तो घेऊन बसतात. आयटीआयला कारपेंटर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. गवंडीकामाचा वेगळा आहे, त्याला मेसन, बिल्डिंग कन्स्ट्रक्टर म्हणतात, तोही एक वर्षाचाच. ड्राफ्ट्समन सिव्हिल दोन वर्षांचा, त्यात तुझ्या हातात करवत येत नाही, घराचे नकाशे काढायचे असतात, आता बरचसं कॉम्प्युटरवर. आणि पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमा तीन वर्षांचा, दहावीनंतरचा, तो सुपरवायझर-इंजिनियर बनवणारा. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी पॉलिटेक्निक आहे आणि आयटीआय तर जवळपास प्रत्येक तालुक्याला आहे, पण प्रत्येक आयटीआयला प्रत्येक ट्रेड नसतो, हे लक्षात ठेव, शहाद्यात नसला तर नंदुरबार, शिरपूर, धुळे असं बघत जायचं. अॅडमिशन सगळी ऑनलाइन आहे, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या साइटवर, दहावीचा निकाल लागला की फॉर्म सुटतात, मेरिट तुझ्या दहावीच्या मार्कांवर लागतं, बारावी-बीएच्या नाही. ऑप्शन फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्यावर सोडू नको, तो दहा पोरांचे फॉर्म एका बैठकीत भरतो आणि सगळ्यांना फिटर, इलेक्ट्रिशियन वर टाकतो कारण त्यालाच मागणी. तू सोबत बस आणि कारपेंटर स्वतः वर टाक.

तुझ्यासाठी मी कारपेंटरच म्हणेन. कारण बांधकाम तू मागे फिरून बघितलंस, पण लाकडाचा बाक स्वतःच्या हाताने बनवलास. शिवाय कारपेंटरच्या ट्रेडमध्ये फॉर्मवर्क म्हणजे आपलं सेंट्रिंग पण येतं, दारं-खिडक्या येतात, जिना येतो, म्हणजे बांधकामाची अर्धी बाजू तिथेच शिकायला मिळते. सोबत वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि इंजिनियरिंग ड्रॉइंग असतं. पोरं याच दोन तासांना बाहेर चहाच्या टपरीवर असतात. तू असू नको.

ड्रॉइंगचं महत्त्व सांगायला एक कपाट घेऊ. समजा कोणी तुला ७ फूट उंच, ४ फूट रुंद, २ फूट खोल असं दोन पल्ल्यांचं कपाट सांगितलं. मध्ये एक उभं पार्टिशन, सहा कप्पे. प्लायचा शीट ८ बाय ४ चा म्हणजे ३२ स्क्वेअर फूट. दोन्ही बाजू मिळून २८ स्क्वेअर फूट, वरची-खालची फळी १६, पार्टिशन १४, सहा कप्पे २४, पुढचे पल्ले २८, झाले ११०. भागिले ३२, साडेतीनच्या आत येतं, म्हणजे १८ एमएमचे चार शीट आणि मागच्या पाठीला पातळ ६ एमएमचा एक. नुसता बेरीज करणारा इथे थांबतो. पण शीटमध्ये तुकडे बसतात का हे कागदावर काढून बघायला लागतं. एका शीटमधून २ फुटी दोन बाजू निघतील ना, ४ फुटाचा शीट आहे, सोपं ए. नाही निघत! शीटची रुंदी १२२० एमएम. २ फूट म्हणजे साधारण ६१०. दोन तुकड्यांचे झाले १२२०, आणि करवतीचं पान जे लाकूड खातं, मशीनचं पान असलं तर जवळपास ३ एमएम, ते कुठून देणार? म्हणून जाणता माणूस खोली २ फूट न धरता ६०० एमएम धरतो, दोन तुकडे आरामात निघतात, वर कडा साफ करायला जागा राहते, आणि गिऱ्हाइकाला फरक पण कळत नाही. ज्याने २ फूटच धरलं तो पहिला तुकडा बरोबर कापतो, दुसरा कमी भरतो, मग तो दुसऱ्या शीटला हात घालतो, आणि चार शीटच्या कामाला पाच-सहा लागतात. मालक म्हणतो मिस्त्रीने प्लाय चोरला. चोरला नाही बिचाऱ्याने, कागदावर काढलं नाही.

सागाचं माप वेगळं, ते घनफुटात. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. दाराची चौकट ४ बाय ३ इंचाची धर, ७ फुटाचे दोन उभे आणि साडेतीन फुटाचा वरचा आडवा, एकूण साडेसतरा फूट. ४ गुणिले ३ गुणिले साडेसतरा झाले २१०, भागिले १४४, जवळपास दीड घनफूट. वखारीत जायच्या आधी एवढं आलं पाहिजे, वखारवाला त्याचं माप सांगणारच आहे, तो काही वाईट माणूस नसतो पण तो त्याच्या बाजूने मोजतो.

आणि लाकूड ही काही मेलेली वस्तू नाही, हे थिअरीच्या तासाला कळतं. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लाकूड कोरडंठाक होतं, आकसतं. त्याच मेमध्ये कोणी दाराचा पल्ला चौकटीत एकदम फिट्ट बसवला तर मालक खुश, मिस्त्री खुश, आणि ऑगस्टमध्ये हवेतलं पाणी पिऊन पल्ला फुगला की दार लागत नाही, मग लाथ मारून लावायचं नाहीतर मिस्त्रीला शिव्या. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं, आणि खोडाच्या वर्तुळांच्या बाजूने कापलेली फळी आरपार मध्यातून कापलेल्या फळीपेक्षा साधारण दुप्पट हलते. म्हणून उन्हाळ्यात बसवायच्या दाराला फट ठेवायची आणि पावसाळ्यात बसवायच्या दाराला कमी. हे गावातल्या जुन्या सुतारांना माहीतच होतं, ते बैलगाडीचं चाक काय उगाच बनवत नव्हते, पण ते पोराला बारा वर्षं सोबत ठेवून शिकवायचे, आज तेवढा वेळ ना त्यांच्याकडे ना तुझ्याकडे. स्लॅबचंही तसंच बघ, आपल्या उन्हात ओतलेल्या स्लॅबला आठवडाभर तरी ओलं ठेवायला लागतं, तुझ्या घराच्या वेळी कोणी पाळं बांधून पाणी साठवलं होतं का, की सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून मोकळे झाले? मेसनच्या ट्रेडला गेला असतास तर हेच पहिलं विचारलं असतं.

मशीनबद्दल मी जरा रागातच बोलतो, समजून घे. कुठल्याही साइटवर जा, फरशी कापायच्या चार इंची कटरने प्लाय कापताना दिसतील, गार्ड काढून टाकलेला, पायात चप्पल, तोंडाला काही नाही. बोट जातं तेव्हा एका क्षणात जातं. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून पान वर आलेल्या करवतीच्या मशीनवर, लाकूड पानात अडकलं की ते उलटं अंगावर येतं, म्हणून पानाच्या मागे रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट मिटू न देणारी पातळ पट्टी, असतो आणि तुकडा ढकलायला हाताऐवजी काठी वापरायची असते, आणि आपण पानाच्या सरळ रेषेत कधी उभं राहायचं नसतं. हे नियम वर्कशॉपमध्ये पहिल्या महिन्यात अंगवळणी पडतात कारण निदेशक, म्हणजे शिकवणारा, ओरडतो. साइटवर ओरडणारा कोणी नाही. तुझ्या सागाच्या खांबांचं पण ऐकून ठेव, जुन्या घराच्या लाकडात खिळे तुटून आत राहिलेले असतात, वरून दिसत नाहीत, मशीनच्या रंध्याला घालायच्या आधी स्पीकरमधलं मोठं लोहचुंबक घेऊन चारही बाजूंनी फिरव, जिथे ओढेल तिथे खडूने खूण, खिळा काढ, मगच मशीन. आणि तो साग गावाबाहेर मिलमध्ये न्यायचा असेल तर जुना असला तरी आधी वनखात्याच्या ऑफिसात विचारून घे, सागाच्या वाहतुकीला परवाना लागतो आणि तुमच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात नाक्यावर गाडी थांबवतातच.

आता आयटीआयची दुसरी बाजू, लपवत नाही. सगळीकडे वर्कशॉप सारखं नसतं. कुठे मशीन आहे पण बंद आहे, कुठे लाकूडच वेळेवर येत नाही, पोरं तोच तुकडा पुन्हा पुन्हा कापतात. म्हणून अॅडमिशनच्या आधी दुपारच्या वेळेला जाऊन वर्कशॉप बघ, दारात भुसा पडलेला असेल तर काम चालू आहे समज. सगळं चकचकीत आणि झाडलेलं दिसलं तर मला शंका येईल. तिथल्या पोरांना विचार, या वर्षी काय काय बनवलं. "जॉब" म्हणजे बनवलेले नमुने दाखवतील, कुसू, म्हणजे जोडाचं आत जाणारं टोक, भोकात घट्ट बसतोय का, की फटीत भुसा आणि फेविकॉल भरलाय ते बघ.

स्पीड तिथे येणार नाही. वर्षभरात तू जेवढे जोड करशील तेवढे मिस्त्री पंधरा दिवसात करतो. त्यासाठी टीवायच्या वर्षातच शनिवार-रविवार आणि सुट्टीत गावातल्या किंवा शहाद्यातल्या एखाद्या मिस्त्रीकडे जा, पैसे मागू नको, फक्त सांग की हातोडी देणं, शीट धरणं, भुसा झाडणं सगळं करतो, बघू द्या. आपल्याकडे शहरांत फर्निचरचं बरचसं काम राजस्थान आणि युपीकडची माणसं करतात, त्यांच्याकडे जायला लाजू नको, त्यांच्या घराण्यात चालत आलेला हात असतो. आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप कर, १९६१ च्या कायद्याखाली स्टायपेंड देऊन करतात, रेल्वेच्या जाहिरातींतही कारपेंटर ट्रेड निघतो, भुसावळ डिव्हिजन आपल्या जवळच आहे, लक्ष ठेव. पुढे मोठ्या मशीनचं, सीएनसीचं म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं शिकावंसं वाटलं तर बंगळुरूला केंद्र सरकारची इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी आहे, तिथे लाकूडकामाच्या मशीनचं ट्रेनिंग सेंटर आहे. पण ते नंतर, आधी हातकरवत.

सुरतचा मित्र चुकीचा नाही, उतावळा आहे. सुरतला सहा महिन्यात तो मायका, म्हणजे प्लायवरचा पातळ चकचकीत थर, चिकटवायला शिकेल, आणि तिसऱ्या वर्षी पण मायकाच चिकटवत असेल कारण मालकाला तो तिथेच हवा असतो, जो एक काम पटकन करतो त्याला दुसरं काम काबर देतील? तू कोर्स करून गेलास तर ड्रॉइंग वाचणारा म्हणून जाशील. मित्राशी भांडू नको, पुढे तुलाच त्याच्या हाताची गरज लागेल.

कोणी तुला पीएम विश्वकर्माचं सांगेल, ग्रामपंचायतीत सगळे सांगतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली योजना आहे, १८ व्यवसाय त्यात, सुतार आणि गवंडी दोन्ही. पाच-सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्क्याने. चांगली योजना आहे पण ती आधीपासून स्वतःच्या हाताने हा धंदा करणाऱ्यासाठी आहे, शिकणाऱ्यासाठी नाही, आणि पाच दिवसांच्या ट्रेनिंगला कोर्स समजू नको. तू धंद्याला लागलास की मग बघ, आणि एका घरात एकालाच मिळते.

राहिले वडील. "आपल्या घरात कोणी रंधा धरला नाही" हे वाक्य मी प्रत्येक अॅडमिशनच्या वेळी ऐकलंय, आणि त्याच्यामागे काय असतं ते तुलाही माहीत आहे मलाही, जात असते, गावात लोक काय म्हणतील ते असतं, पारावर बसलेला कोणीतरी "काय करी राहिना भो तुना पोऱ्या?" विचारतो त्याला काय उत्तर द्यायचं ते असतं. त्यावर वाद घालून उपयोग नाही. तू घरातल्या एका कामाचं एस्टिमेट बनव. नवीन घर बांधलंय म्हणजे कपाट, माळ्याची दारं, देवघर काहीतरी राहिलंच असेल. कागदावर एमएममध्ये ड्रॉइंग काढ, वर कपाटाचं सांगितलं तसं शीटचं कटिंग काढ, दुकानात जाऊन प्लाय, मायका, बिजागऱ्या, चॅनल, स्क्रू सगळ्याचे भाव विचार, आणि त्याच कामाचा तुमच्या गावच्या मिस्त्रीचा भाव घे. दोन्ही कागद वडिलांसमोर ठेव, बोलू नको. वडील शेतकरी असतील तर खत-बियाण्याचा हिशोब त्यांना तोंडपाठ असतो, दोन कागदांमधला फरक त्यांना तुझ्याआधी दिसेल. आणि काहीतरी चूक पण काढतील बघ, ती दुरुस्त कर.

बाकी एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, दहावीला मार्क किती होते आणि गणितात किती. तेवढं कळव, मग आजूबाजूच्या कोणत्या आयटीआयला पहिल्या राउंडला नंबर लागू शकतो ते बघून सांगतो. आणि बाकाला त्या दोन पट्ट्या लावून बघ, पीळ निघाला की पाय होता ते पण लिही.